पोलादातली भेग आणि हृदयातली गाठ



व्याख्यानमालेच्या चालकांनी आम्हांला विषय विचारला, तेव्हा आम्ही किमान वेतनावर किंवा कंत्राटी पद्धतीवर बोलू अशी त्यांची स्वाभाविक अपेक्षा होती. आम्ही विषय कळविला, 'हृदयातील गाठीचे निदान'. त्यावर चालकांपैकी एकांचा दूरध्वनी आला, की दुसऱ्या कोणा वक्त्याचे पत्र तर चुकून तुमच्या पाकिटात गेले नाही ना! त्यांची शंका रास्त होती. आमचे शाळेतले शिक्षण नववीपर्यंतचे. पुढले जे काही झाले ते कारखान्याच्या फाटकावर आणि १८४० साली स्थापन झालेल्या आपल्या सार्वजनिक वाचनालयाच्या बाकावर. आम्ही डॉक्टर नव्हे. उलट आज आम्ही या व्यासपीठावर उभे आहोत ते एका चुकीमुळे, आणि ती चूक डॉक्टरांच्या आधी आम्ही स्वतः केलेली आहे. ती सांगितल्यावाचून विषयात शिरणे आम्हांला प्रामाणिकपणाचे वाटत नाही.

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. सातपूर-अंबडच्या पट्ट्यातील एका कारखान्यात आमचा एक सोबती लेथवर काम करीत असे. वय चाळीस-बेचाळीस. माणूस सरळ, बोलायला कमी, कामाला चोख. त्याला दम लागू लागला. जॉब उचलण्यासाठी वाकून उभा राहिला की डोळ्यांपुढे अंधारी येई, छाती भरून येई. मग तो काय करी, तर मालाच्या रिकाम्या खोक्यांचे पुठ्ठे पसरून त्यांवर दहा मिनिटे उजव्या कुशीवर पडून राही. तेवढ्याने बरे वाटे. उठून पुन्हा मशीनवर जाई. तिसऱ्या पाळीत सुपरवायझरने त्याला असे पडलेला तीनदा पाहिला. आरोपपत्र आले : 'कामाच्या वेळेत पुठ्ठ्यांवर उजव्या कुशीवर झोपलेला आढळला.'

चौकशी लागली. तो आम्हांला म्हणाला, "भाऊ, मी झोपत नाही. पडलो की श्वास येतो, बसलो की जातो." आम्ही त्याच्याकडे पाहिले. दवाखान्यात नेले तोवर तो बरा झालेला असे, नाडी ठीक, रक्तदाब ठीक. आम्ही पंधरा वर्षे युनियनचे काम केलेले, सबबी सांगणारी माणसे पाहिलेली. आम्हांला वाटले, हाही त्यातलाच. प्रकरण वाढू नये म्हणून आम्ही आमच्या हाताने त्याचा माफीनामा लिहिला : 'मी झोपलो होतो, पुन्हा असे होणार नाही.' त्याने मुकाट्याने सही केली. चार दिवसांची बिनपगारी रजा देऊन मिटवामिटव झाली, आणि आम्ही चहा पिऊन घरी गेलो. हा कागद आजही आमच्या फायलीत आहे.

असो. आता त्याच्या छातीत काय चालले होते ते पाहू.

हृदय म्हणजे मुठीएवढा पंप. दिवसाकाठी सुमारे एक लाख ठोके, मिनिटाला सुमारे पाच लिटर रक्त. त्याला चार कप्पे, वरचे दोन आणि खालचे दोन. फुप्फुसांतून शुद्ध झालेले रक्त डावीकडच्या वरच्या कप्प्यात उतरते. तेथून एका झडपेतून ते खालच्या डाव्या कप्प्यात जाते, आणि तो कप्पा आवळला की साऱ्या शरीरात फेकले जाते. ही जी मधली झडप, तिला डॉक्टर मायट्रल झडप म्हणतात. ख्रिस्ती बिशपांच्या दोन पाकळ्यांच्या टोपीसारखी ती दिसते, म्हणून तिला त्या टोपीचे नाव पडले. विहिरीवर ज्यांनी पंप चालविला आहे त्यांना झडपेचे महत्त्व सांगावयास नको. फुटव्हॉल्वमध्ये पाला अडकला की मोटार कितीही फिरो, पाणी चढत नाही.

आपल्या देशात ही झडप बिघडण्याचे नेहमीचे कारण म्हणजे संधिवाताचा ताप. लहानपणी घसा येतो, त्यातून ताप आणि सांधेदुखी, आणि वर्षांमागून वर्षे झडपेच्या पाकळ्या जाड होऊन एकमेकींना चिकटतात. दार अरुंद झाले की रक्त मागे फुप्फुसांत तुंबते. दम लागतो, खोकला येतो, कधी थुंकीतून रक्त पडते. हा दाट वस्तीचा, गरिबाघरचा रोग आहे. २०१८ साली जागतिक आरोग्य परिषदेने त्याच्याविरुद्ध खास ठराव केला, इतका तो अजून जगात शिल्लक आहे.

आता दुसरी एक गोष्ट ध्यानात घ्या. त्याच वरच्या डाव्या कप्प्यात, दोन कप्प्यांमधल्या पडद्याला देठ फुटावा तशी एक गाठ कधी कधी वाढते. ती मऊ, बुळबुळीत, एखाद्या फळाच्या गरासारखी असते. 'मिक्सोमा' हे तिचे नाव, आणि त्या नावाच्या मुळाशी असलेल्या ग्रीक शब्दाचा अर्थही शेंबडासारखा चिकट पदार्थ असाच आहे. ती कर्करोगाची नसते. हृदयात मूळ धरणाऱ्या गाठी फारच विरळा. शवविच्छेदनांच्या नोंदींवरून दहा हजारांत दोन-तीन, असा ढोबळ हिशेब वैद्यकाच्या ग्रंथांत दिलेला असतो. दुसऱ्या अवयवातला कर्करोग पसरून हृदयाला लागणे हे त्याच्या निदान वीस पट अधिक वेळा घडते. त्या विरळ गाठींपैकी प्रौढ माणसांत सर्वांत अधिक आढळते ती ही मिक्सोमा. चारांपैकी तीन वेळा ती डाव्या वरच्या कप्प्यातच असते, आणि पुरुषांपेक्षा बायकांत अधिक.

हौदाच्या बाहेर जाणाऱ्या नळाच्या तोंडाशी सुतळीने लिंबू बांधून सोडावा, तशी ही गाठ देठावर लोंबत असते. रक्त खाली उतरू लागले की तीही त्याबरोबर खाली ओढली जाते आणि झडपेच्या तोंडात बसते. मग जे व्हायचे तेच होते : रक्त तुंबते आणि दम लागतो. डॉक्टर छातीला नळी लावतो तेव्हा त्याला अरुंद झडपेत ऐकू येते तशीच खरखर ऐकू येते. कावीळ झालेल्याला सगळे पिवळे दिसते म्हणतात. येथे डॉक्टरला कावीळ झालेली नसते. त्याने आयुष्यभर खरोखरच पिवळे पाहिलेले असते. शंभर खरखरींमागे शंभर बिघडलेल्या झडपा पाहिलेल्या माणसाने एकशेएकावी वेगळी आहे हे कशावरून ओळखावे?

बरे, ही गाठ एवढ्यावर थांबत नाही. ती बहुरूप्यासारखी सोंगे घेते. तिच्यातून एक द्रव्य रक्तात मिसळते, त्यामुळे बारीक ताप राहतो, वजन घटते, सांधे दुखतात. आपल्याकडे बारीक ताप आणि घटते वजन म्हटले की प्रथम क्षयाची शंका येते, आणि ती यावी हेही बरोबरच आहे. कोणाला वाटते हृदयाच्या आतील अस्तराला जंतूंची बाधा झाली आहे. तिचा ठिसूळ तुकडा तुटून रक्ताबरोबर मेंदूत गेला तर अर्धांगवायू होतो, मग रोगी मेंदूच्या डॉक्टराकडे जातो. तुकडा पायात गेला तर पाय गार पडतो, मग तो आणखी तिसऱ्याकडे जातो. एकच चोर चार गावांत चार नावांनी वावरतो, आणि चारही ठाण्यांत वेगवेगळी फिर्याद नोंदलेली असते.

या चोराची एक खूण मात्र आहे. झडप चिकटून अरुंद झाली असेल तर ती उभ्याने, बसून, निजून, सारखीच अरुंद असते. देठावरची गाठ माणसाच्या अंगस्थितीबरोबर हलते. म्हणून काहींना बसले की दम लागतो आणि आडवे झाले की उतरतो, काहींना एका कुशीवर त्रास होतो आणि दुसऱ्या कुशीवर होत नाही. प्रत्येकाचे वेगळे. छातीतली खरखरही कूस बदलली की बदलते. आमच्या सोबत्याने "पडलो की श्वास येतो, बसलो की जातो" असे जे सांगितले, ते रोगाचे अचूक वर्णन होते. सुपरवायझरने 'उजव्या कुशीवर' असे जे लिहिले, तीही अचूक नोंद होती. दोघेही खरे बोलत होते. खोटा होता तो आम्ही लिहिलेला माफीनामा.

आता प्रश्न असा की छाती न फाडता आतली गाठ दिसावी कशी? हा इतिहास आम्ही जसजसा वाचीत गेलो तसतसा आमचा ऊर भरून आला, कारण त्यात पावलोपावली कारागिराचा हात दिसतो.

आपल्या जुन्या नाशकात तांबट भांडे घडवून झाले की ठोकून पाही. आवाज खणखणीत आला तर भांडे चांगले, बद्द आला तर कोठे तरी चीर. घरातल्या बायका मडके घेतानाही हेच करतात. ऑस्ट्रियातील औएनब्रुगर नावाच्या डॉक्टराचा बाप खाणावळवाला होता. पिंपात दारू किती उरली हे तो पिंप ठोकून सांगे. मुलाने तीच युक्ती माणसाच्या छातीवर केली आणि १७६१ साली त्यावर पुस्तक लिहिले. आजही डॉक्टर छातीवर बोट ठेवून बोटाने ठोकतो, ती ही पिंपवाल्याची विद्या. १८१६ साली पॅरिसमध्ये लाएनेक याने कागदाची सुरळी करून छातीला लावली आणि स्टेथोस्कोप जन्माला आला. १८९५ च्या नोव्हेंबरात राँटगेन याला क्ष-किरण सापडले. त्याने हृदयाची सावली दिसू लागली. पण सावलीत हृदय वाढले आहे एवढेच कळे. आतली मऊ गाठ आणि भोवतालचे रक्त यांची सावली एकसारखीच.

म्हणून शतकानुशतके ही गाठ मेल्यावरच सापडे. शिरेतून रंगद्रव्य सोडून क्ष-किरणांखाली हृदयाचे कप्पे पाहण्याची रीत निघाली, तेव्हा न्यूयॉर्कच्या डॉक्टरांनी एका रोग्याच्या जिवंतपणी मिक्सोमा ओळखली. तो वृत्तान्त १९५२ साली प्रसिद्ध झाला. रोगी शस्त्रक्रियेनंतर वाचला नाही. त्या काळी झडपेची शस्त्रक्रिया म्हणजे धडधडत्या हृदयात एक बोट घालायचे आणि न पाहता, स्पर्शाने, चिकटलेल्या पाकळ्या मोकळ्या करावयाच्या. लंडनच्या सूटर या शल्यविशारदाने १९२५ साली हे प्रथम केले, आणि दुसऱ्या महायुद्धानंतर ते जगभर सुरू झाले. मुंबईच्या केईएम रुग्णालयात डॉ. प्रफुल्लकुमार सेन यांच्यासारख्या शल्यविशारदांचे हात त्याच विद्येवर तयार झाले. १९६८ च्या फेब्रुवारीत आपल्या देशातले पहिले हृदयारोपण त्यांनीच केले. अशा शस्त्रक्रियेत झडप म्हणून आत गेलेल्या बोटाला झडपेऐवजी मऊ गाठच लागली, तर शल्यविशारदाची काय अवस्था होत असेल? बोटाने गाठ फुटली तर तुकडे मेंदूत. माघारी फिरावे तर रोगी तसाच.

फिलाडेल्फियात गिबन यांनी १९५३ साली हृदयाचे व फुप्फुसांचे काम काही काळ यंत्राकडे सोपवून हृदयातील शस्त्रक्रिया यशस्वी केली. दुसऱ्याच वर्षी, १९५४ च्या जुलैत, स्टॉकहोम येथे क्राफूर्ड यांनी अशाच यंत्राच्या साहाय्याने एका बाईच्या हृदयातली मिक्सोमा उघड्या डोळ्यांनी पाहून समूळ काढली, आणि बाई वाचली. गाठ काढता येते हे सिद्ध झाले. उरला प्रश्न, ती आहे हे आधी ओळखायचे कसे?

त्याचे उत्तर एका जहाजबांधणीच्या कारखान्यातून आले, आणि आजचे आमचे व्याख्यान खरे तर या एका वाक्यासाठी आहे.

स्वीडनमध्ये लुंड नावाचे गाव आहे. तेथील रुग्णालयात इंगे एडलर नावाचे हृदयरोगाचे डॉक्टर होते. झडपेची शस्त्रक्रिया कोणावर करावी आणि कोणावर करू नये हे ठरविताना त्यांची चाचपडल्यासारखी स्थिती होई. त्यांनी हेल्मुट हर्ट्झ या तरुण पदार्थवैज्ञानिकाला विचारले, की युद्धात विमाने शोधणाऱ्या रडारसारखे काही हृदयासाठी करता येईल का? हर्ट्झ म्हणाले, रेडिओलहरींनी नव्हे, पण ध्वनीने कदाचित होईल. जवळच माल्मो बंदरात कोकुम्स हा जहाजांचा कारखाना होता. जहाजाच्या सांध्यातले वेल्डिंग पोकळ राहिले आहे का, हे पाहण्यासाठी तेथे ध्वनीचे यंत्र वापरीत. हर्ट्झ तेथे गेले, ते यंत्र आपल्याच छातीला लावून पाहिले, आणि पडद्यावर हृदयाबरोबर हलणारी खूण दिसली! ते यंत्र त्यांना एका शनिवार-रविवारापुरते उसने मिळाले. पुढे जर्मनीतील सीमेन्स कंपनीकडून तसेच यंत्र मिळाले आणि २९ ऑक्टोबर १९५३ रोजी हालत्या हृदयाच्या प्रतिध्वनीची पहिली नोंद झाली. सहाच वर्षांनी, १९५९ साली, जर्मनीतील स्वेन एफर्ट आणि त्यांचे सहकारी यांनी या रीतीने डाव्या कप्प्यातली गाठ शस्त्रक्रियेपूर्वी ओळखल्याचे प्रसिद्ध केले. आज ज्याला आपण 'इको' म्हणतो ते हेच.

सभेत आमचे कारखान्यातले सोबती बसले आहेत. त्यांना हे यंत्र नवे नाही. आपण त्याला 'यूटी' म्हणतो. शाफ्ट पुसून घ्यायचा, तेल किंवा ग्रीस लावायचे, वर टोपण टेकवायचे. माणसाच्या कानाला ऐकू न येणारा ध्वनी आत जातो, पलीकडच्या पृष्ठावर आपटून परत येतो, आणि पडद्यावर एक उंच टोक उठते. पृष्ठाच्या आधीच मध्ये दुसरे टोक उठले तर समजावे, आत भेग आहे. पांडवलेण्यांच्या पायऱ्यांवर उभे राहून हाक मारली आणि ती परत येण्यास किती वेळ लागला हे मोजले, तर कडा किती दूर हे काढता येते. गणित तेच. पोलादात ध्वनी सेकंदाला सुमारे ५९०० मीटर धावतो, माणसाच्या मांसात सुमारे १५४०. ग्रीसच्या जागी रुग्णालयात थंडगार जेली लावतात. एवढाच काय तो फरक!

पुढे सत्तरीच्या दशकात एका टोकाऐवजी हृदयाचे हालते चित्र दिसू लागले. अन्ननलिकेतून टोपण आत सोडून हृदयाच्या पाठीमागून पाहण्याची सोय झाली, कारण डावा वरचा कप्पा अन्ननलिकेला लागूनच आहे. १९७१ साली हाउन्सफील्ड यांनी ग्रामोफोनच्या तबकड्या काढणाऱ्या ईएमआय कंपनीत सीटी स्कॅनचे यंत्र घडविले. चुंबकाच्या साहाय्याने चित्र काढणारे एमआरआय त्याच दशकात आले.

तथापि यंत्र आले म्हणजे निदान आपोआप झाले, असा गैरसमज कोणी करून घेऊ नये. पडद्यावर एक पांढरा गोळा दिसला, एवढेच यंत्र सांगते. तो काय आहे हे माणसाला ठरवावे लागते. अरुंद झडपेमागे तुंबलेल्या रक्ताची गुठळीही तशीच दिसते. म्हणून जाणकार पाहतो, की गोळा कोठे चिकटला आहे? पडद्याच्या मध्यभागी देठावर असेल तर मिक्सोमाकडे कल, कप्प्याच्या कोपऱ्यातल्या पिशवीत असेल आणि नाडीही अनियमित असेल तर गुठळीकडे. एमआरआयमध्ये शिरेतून औषध देतात. गाठीत रक्तवाहिन्या असतात म्हणून ती औषध शोषते, गुठळी सहसा शोषीत नाही. हा भेद नुसता पांडित्याचा नाही. गुठळीला रक्त पातळ करणारे औषध द्यावे लागते आणि मिक्सोमाला शस्त्र. एकीचा उपचार दुसरीला केला तर रोगी जाऊ शकतो. उजव्या बाजूच्या कप्प्यात क्वचित घातक जातीची गाठ होते, तिच्यामुळे हृदयाच्या बाहेरील आवरणात पाणी किंवा रक्त साठते, आणि आपल्याकडे ते क्षयाचे समजले जाण्याचा धोका असतो. उलट, लहान मुलांच्या हृदयात होणाऱ्या एका जातीच्या गाठी पुष्कळदा आपोआप लहान होत जातात, त्यांना घाईने हात लावावयाचा नसतो. तात्पर्य, दिसणे ही पहिली पायरी, आणि ओळखणे ही दुसरी. शेवटचा निर्णय तर काढलेला तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली पाहूनच होतो.

आता आमच्या सोबत्याकडे परत येतो.

माफीनाम्यानंतर तो पडून राहण्याचे बंद झाला. लाजेने. बसूनच दम खाई. एका डॉक्टरांनी दमा म्हटले, दुसऱ्यांनी बारीक तापावरून क्षयाची औषधे सुरू केली, तिसऱ्यांनी खरखर ऐकून झडप म्हटले आणि सांधे दुखतात म्हणून त्याला दुजोराही मिळाला. कोणी मूर्ख नव्हते. प्रत्येकाने आपल्यापुढे आलेला तुकडा नीट पाहिला. परंतु सारे तुकडे एकत्र मांडण्यास कोणाकडे वेळ नव्हता, आणि छातीवर एकदा इको करावा हे पुढच्या तारखेवर ढकलले जाई. चौदा महिने गेले. एका सकाळी चहाचा कप उचलताना त्याचा उजवा हात गळाला आणि वाचा गेली.

रुग्णालयात एक तरुण डॉक्टरीणबाई होत्या. मेंदूचे चित्र पाहून त्यांनी वहिनींना जवळ बसविले आणि विचारले, "ताई, यांना दम कधी लागायचा? चालताना, की बसल्यावर?" वहिनी म्हणाल्या, "बसल्यावर. उजव्या अंगावर निजले की बरं वाटायचं. त्यावरून तर कामावर भानगड झाली होती." बाईंनी त्याच दुपारी इको केला. आम्ही दाराशी उभे होतो. त्यांनी आम्हांला आत बोलावून पडदा दाखविला. चिकूएवढा एक गोळा दर ठोक्याला झडपेत बुडत होता आणि वर येत होता. आम्ही आयुष्यात अनेक वेळा पडद्यावर शाफ्टमधली भेग पाहिली आहे. तेव्हा आमच्या पायांतले बळ गेले नव्हते.

मुंबईत शस्त्रक्रिया झाली. खर्चासाठी फाटकावर वर्गणी केली, तिला मॅनेजरांनीही हातभार लावला. गाठ देठासकट निघाली, कर्करोग नव्हता. दम गेला, ताप गेला, वाचा परत आली. उजवा हात मात्र पुरता आला नाही. लेथवरच्या माणसाचा उजवा हात! आज तो स्टोअरच्या खिडकीशी बसतो आणि डाव्या हाताने पावत्या लिहितो. त्याने आम्हांला कधी शब्दाने दुखावले नाही. एकदा एवढेच म्हणाला, "भाऊ, तुम्ही लिहिलेलं मी वाचलं होतं. सही करताना वाटलं, युनियनच म्हणतेय तर झोपलोच असेन." बंधुभगिनींनो, मालकाने दिलेली शिक्षा माणूस सोसतो. आपल्या माणसाने त्याच्याच देहाची साक्ष खोटी ठरविली, तर त्याने कोठे जावे?

येथे कोणी विचारील, की दहा हजारांत दोघा-तिघांच्या गाठीसाठी गावातल्या प्रत्येक दमेकऱ्याचा इको करावा काय? मग क्षय, कुपोषण, बाळंतपणे यांसाठी पैसा उरेल काय? हा आक्षेप योग्य आहे आणि आम्ही त्यावर बराच विचार केला. आमचे उत्तर असे. या गाठीसाठी म्हणून कोणाचाही इको करू नये. परंतु ज्याच्या छातीत खरखर आहे आणि दम लागतो, त्याचा इको नेहमीच्या झडपेच्या रोगासाठी तरी व्हायलाच हवा. ऐन उमेदीत ज्याला अर्धांगवायू झाला, त्याचे हृदय पाहिलेच पाहिजे. नेहमीच्या रोगाची नीट तपासणी केली की विरळा रोग तिच्यातच सापडतो, त्याला वेगळा खर्च लागत नाही. आमच्या सोबत्याचे नुकसान झाले ते साधी तपासणी वेळेवर झाली नाही म्हणून. त्यात दुर्मिळ असे काहीच नव्हते.

आणि यंत्रांचे म्हणाल, तर ती आता आपल्या शहरात आहेत. शालिमारला विभागीय संदर्भ सेवा रुग्णालय आहे, आरोग्य विज्ञान विद्यापीठ १९९८ पासून आपल्याच नाशकात आहे. सिन्नरची विडी वळणारी बाई, मालेगावचा मागावरचा कामगार, पेठ-सुरगाण्याहून आलेला द्राक्षबागेतला मजूर, यांना तेथवर पोचविणारी वाट मात्र अजून अरुंद आहे. एक दिवसाचा रोज बुडवून गेलेल्या माणसाला 'पुढच्या महिन्यात या' म्हणणे म्हणजे पुष्कळदा 'येऊ नका' म्हणणे होय. कारखान्यातून बाहेर जाणारा प्रत्येक महत्त्वाचा शाफ्ट तपासून, शिक्का मारून जातो, कारण तो मोडला तर गिऱ्हाईक भरपाई मागते. तो शाफ्ट घडविणारा मोडला तर भरपाई मागायला कोण येते? हा प्रश्न आम्ही वाटाघाटीच्या टेबलावर मांडला आहे, आणि निदान आमच्या काही करारांत वार्षिक तपासणीच्या कलमाला आता शिक्क्यापलीकडे अर्थ आला आहे.

जाता जाता आपणां सर्वांना तीन विनंत्या. डॉक्टरांकडे जाल तेव्हा दम लागतो एवढे सांगून थांबू नका. केव्हा लागतो, कसे बसल्यावर, कोणत्या कुशीवर, हे सांगा. ते क्षुल्लक वाटले तरी सांगा. दुसरी, निरनिराळ्या डॉक्टरांचे कागद एका पिशवीत ठेवा आणि प्रत्येकापुढे सारी पिशवी ओता. तिसरी विनंती माझ्यासारख्या पुढाऱ्यांना, मुकादमांना, शिक्षकांना आणि घरच्या कर्त्या माणसांना. कोणी म्हणाला की मला बरे नाही, तर त्याचे सोंग उघडे पाडण्याची घाई करू नका. दहांतले नऊ कदाचित सबब सांगत असतील. दहाव्याचा हात आपल्या हातात आहे.

आमच्या युनियनच्या कचेरीत त्यानंतर एक नियम झाला आहे. आजाराच्या प्रकरणात माणसाची तपासणी झाल्यावाचून कोणाचाही माफीनामा आम्ही लिहीत नाही. तो जुना कागद आम्ही फाडलेला नाही. नवा कार्यकर्ता आला की त्याला तो वाचावयास देतो, आणि 'उजव्या कुशीवर' या दोन शब्दांखाली रेघ ओढलेली आहे ती दाखवितो.